गुडघ्यावरचा नवस

गिंबाल, ७ जून १९८७

चि. मेर्ली हिस लोलाचे आशीर्वाद.

तू पास झालीस, सरकारी शिक्क्याची नर्स झालीस, हे मला आधी उर्सुलाकडून कळलं आणि मग तुझ्या पत्रातून. उर्सुलाच्या घरी वर्तमानपत्र येतं. माझ्या घरी येतं ते मासे गुंडाळून. शेजारणीने दारात उभं राहून माझ्याच नातीची बातमी मला सांगावी, हे काही मला पटलं नाही. मी तिला म्हटलं, मला कधीचंच माहीत आहे. तर म्हणते, मग कारनिंग, तुझं तोंड असं का झालं. यापुढे काही मोठं घडलं तर आधी आपल्या लोलाला, सख्ख्या आजीला कळवायचं, मग सरकारला.

माझ्या बहिणीचं शिकागोहून पत्र आलंय, ती तुला तिकडे बोलावतेय, हे तू अगदी तळाशी, सहीच्या वर कोंबून लिहिलंस. डोळ्यांत मोतीबिंदू असला तरी मला तळाचं आधी दिसतं. बर्फातला फोटो तिने मलाही पाठवलाय. त्या कोटात फेली तांदळाच्या पोत्यासारखी दिसते. हे तू तिला लिहू नकोस, मीच लिहीन.

कुठे जायचं ते तू ठरव. मी मध्ये पडणार नाही. फक्त एवढंच म्हणते की तो एजन्सीवाला रियाधचं सांगतो, ते वाईट नाही. लोक म्हणतात तिथे नुसती वाळू. आपल्या दारात काय गालिचा आहे? म्हणतात डुकराचं मांस मिळत नाही. बरंच आहे, कंबर जागेवर राहील. चर्च नाही म्हणतात, तर जपमाळ खोलीत म्हणता येते आणि पाद्रीबाबांचं प्रवचनही चुकतं. मुख्य म्हणजे तिथला करार दोन वर्षांचा. संपला की माणूस घरी येतं. शिकागोला गेलेलं माणूस येत नाही, त्याची खोकी येतात.

यंदा जवळा चांगला लागलाय. कुटून, मीठ घालून दोन बरण्या गिनामोस तुझ्यासाठी बाजूला ठेवलंय. रविवारच्या जीपने ये आणि घेऊन जा.

लोभ माझ्यावर असू दे. दुसऱ्या कुणावर गेलेला मला कळतो.

तुझी लोला
कारनिंग

*

इलोइलो, १५ जून १९८७

ति. लोलास मेर्लीचा सा. न.

तू मध्ये पडणार नाहीस हे वाचून मन भरून आलं. मग पुढचं पत्र वाचलं आणि एजन्सीवाल्याने तुला कामाला ठेवलंय की काय असं वाटलं. रियाधचं इतकं कौतुक तर तो पगार घेऊनही करत नाही.

इकडे माझं तेच चाललंय. आम्हा नव्या पोरींना हॉस्पिटल पगार देत नाही, 'अनुभव' देतं. बाहेरदेशी कुणी अनुभवाशिवाय घेत नाही, म्हणून आम्ही फुकट राबतो आणि वर आभार मानतो. माझ्याबरोबरच्या सगळ्या जणी जेवताना एकच बोलतात, कुठे. सकाळी भेटलं की कशी आहेस असं कुणी विचारत नाही, कुठे ठरलं असं विचारतात. बेलेनने रियाधला सही केली. तिचं म्हणणं, तिथल्या हॉस्टेलात आपल्याच मुली भरल्यात, निम्म्या तर इलोइलोच्या.

एजन्सीवाला माझी जागा फेब्रुवारीपर्यंत धरून ठेवतो म्हणालाय. अमेरिकेसाठी मात्र आधी ऑक्टोबरात मनिलाला परीक्षा द्यावी लागते. लोला, मी परीक्षेला बसणार आहे. बसले म्हणजे गेले असं नाही. आई गेल्यापासून तू वाढवलंस आणि बाबा वर्षातून एकदा जहाजावरून उतरतात, तेव्हा तुला विचारल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही. पण लोला फेलीही माझी बाप्तिस्म्याची आई आहे. तिच्या पत्राला मी उत्तरच दिलं नाही, तर ते बरं दिसेल का?

गिनामोस ठेव. खोलीतल्या मुली वास येतो म्हणून ओरडतात आणि मी ड्यूटीवर गेले की बरणी रिकामी करतात.

माया आहे तशीच राहू दे, रागावलीस तरी.

तुझी
मेर्ली

*

शिकागो, २ ऑगस्ट १९८७

ति. थोरल्या मनांग कारनिंगला धाकट्या फेलीचा सा. न. वि. वि.

मनांग, खोकं बोटीने निघालंय. वरच्या थरात कॉर्न बीफचे डबे आणि टॉवेल, ते तुझे. पांढरे बूट मेर्लीचे. साबण सगळ्यांना वाट, उर्सुलालाही. मागच्या खेपेला तू तिला दिला नाहीस, असं तिने मला मुद्दाम पत्र लिहून कळवलं.

मेर्लीसाठी मी मागची खोली रिकामी केलीय. पिवळे पडदे लावले. खिडकीतून झाड दिसतं, निदान सहा महिने तरी. तिच्या मापाचा कोटही आणून ठेवलाय. माझ्या वॉर्डातल्या सगळ्यांना माझी नात येणार हे माहीत झालंय. हो, मी नातच म्हणते. इथे बहिणीची नात म्हणायला लागलं की लोकांचं लक्ष उडतं.

तू तिला वाळवंटात पाठवायला निघालीस असं तिच्या पत्रावरून वाटतं. मनांग, तिथे तिचं कोण आहे? इथे मी आहे. आणि तू तिला बावीस वर्षं जवळ ठेवलंस. आता थोडी मला दे की.

तुझी माया मी मागितल्याशिवाय कधी मिळाली नाही, म्हणून आताही मागते.

फेली

*

गिंबाल, ३० ऑगस्ट १९८७

चि. फेलीस अ. उ. आ.

खोकं पोचलं. टॉवेल चांगले आहेत, त्यावर माशा बसत नाहीत. तुझ्या साबणाने अंग धुतलं तर माझी गिऱ्हाइकंही जवळ येत नाहीत. म्हणतात, आज बाईला माशाचा वास नाही, म्हणजे माल शिळा असणार.

थोडी मला दे, असं लिहिलंस. पोरगी म्हणजे काय फणस आहे, गरे वाटून घ्यायला? ती तापाने फणफणली तेव्हा तू पोस्टकार्ड पाठवलं होतंस, त्यावर तळं होतं. सुंदर तळं होतं. मी ते तिच्या उशाशी लावलं, कारण औषध आणायला गेलेली जीप चिखलात अडकली होती. दातांचं, शाळेचं, पहिल्यांदा पाळी आली तेव्हाचं, सगळं मी बघितलं. तू पडदे बघितलेस. पिवळे.

मी जळत नाही. जळायला तुझ्याकडे आहे काय? एक खोली, एक झाड, तेही सहा महिने. पण गावातली पोरं तुझं नाव घेताना आवाज खाली करतात आणि माझं घेताना नाक दाबतात, हे मला दिसतं. खोकं उघडताना मेर्लीचे डोळे कसे होतात तेही दिसतं. मी रोज भात वाढते, त्याला कधी तसे डोळे झाले नाहीत.

तिला वॉर्डात नात म्हणायचं बंद कर. कोट तूच घाल.

लोभ आहे, पण आज थोडा कमी आहे.

तुझी थोरली
कारनिंग

*

इलोइलो, १८ जानेवारी १९८८

ति. लोलास सा. न.

लोला, अमेरिकेच्या परीक्षेचा निकाल आला. मी नापास झाले.

थोडक्यात गेले. शरीराचं सगळं बरोबर आलं असणार. हृदय, मूत्रपिंड, बाळंतीण, त्यात मला भीती नव्हती. गेले ती मनाच्या आजारांत. एक प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. नवरा गेलेली बाई, रडते, जेवत नाही, नर्सने काय करावं. चार उत्तरं दिलेली. मी खूण केली, तिच्या नातेवाइकांना बोलवावं. दुसरं काय करणार माणूस? बरोबर उत्तर होतं, शेजारी बसावं आणि तिला काय वाटतंय ते विचारावं. नवरा मेलेल्या बाईला काय वाटतंय असं आपल्याकडे कुणी विचारलं तर ती चप्पल काढेल. असे बरेच प्रश्न होते, आणि मी प्रत्येक वेळी नातेवाईक बोलावले.

लोला फेलीलाही कळवलंय. एजन्सीवाल्याने रियाधची जागा अजून धरलेली आहे. महिन्याअखेरीस सांगते म्हटलंय. सध्या कुठलाच विचार करवत नाही.

या वेळी रागावू नकोस, एवढीच माया पुरे.

मेर्ली

*

गिंबाल, २२ जानेवारी १९८८

चि. मेर्ली हिस आशीर्वाद.

नापास झालीस तर झालीस. तुझं उत्तर बरोबर होतं. त्या लोकांना नातेवाईक नसतात, हा काय तुझा दोष? रडू नकोस. तुरी, फणस आणि डुकराचं मांस घालून आमटी केलीय, उर्सुलाच्या पोराबरोबर डबा पाठवते. गरम कर, तशीच खाऊ नकोस.

रियाधच्या माणसाला लवकर हो म्हण. जागा कुणासाठी थांबत नसते.

फेब्रुवारीच्या दोन तारखेला मी शहरात येणार नाही, कामं आहेत. त्या दिवशी मला शोधू नकोस.

डोळे पूस, बाकी लोभ आहेच.

लोला

*

इलोइलो, ४ फेब्रुवारी १९८८

ति. लोलास तुझ्या मेर्लीचा सा. न.

लोला, मी तुला बघितलं.

दोन तारखेला मुलींबरोबर हारोला गेले होते, मेणबत्त्यांच्या सणाला. चर्चमध्ये एवढी गर्दी, आणि मधल्या वाटेने एक म्हातारी गुडघ्यावर सरकत वेदीकडे चाललेली, हातात मेणबत्ती, मागे उर्सुला चपला घेऊन. आधी चपला ओळखल्या, मग तुला. नवस फेडणाऱ्याला मध्ये हाक मारू नये म्हणून खांबाआड उभी राहिले. तू दोनदा थांबलीस. दुसऱ्यांदा थांबलीस तेव्हा मला वाटलं, हे सगळं माझ्यामुळे.

मी किती मूर्ख होते. तू रियाध रियाध करत होतीस ते मला ओझं वाटू नये म्हणून, हे आता कळलं. नापास झाले तर रागाचा एक शब्द बोलली नाहीस, आमटी पाठवलीस. आणि स्वतः गुपचूप देवाच्या आईपुढे गुडघे टेकून माझ्यासाठी शिकागो मागत होतीस. स्वतःच्या सख्ख्या बहिणीकडे मी जावं असं तुझ्या मनात इतकं खोल असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

काल एजन्सीवाल्याला नाही म्हणून आले. एप्रिलमध्ये पुन्हा परीक्षेला बसणार. या वेळी पास होणारच. तुझे गुडघे मी वाया जाऊ देणार नाही.

हळदीचा लेप लाव. तुझी माया मला पुरून उरली.

मेर्ली

*

गिंबाल, ९ फेब्रुवारी १९८८

चि. फेलीस आशीर्वाद.

हे तुलाच सांगते. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील. तू आधीपासूनच म्हणतेस.

सोबत मेर्लीचं पत्र जोडलंय, ते आधी वाच. वाचलंस? आता ऐक. पोरगी परीक्षेला मनिलाला निघाली, त्या दिवशी मी हारोच्या आईला नवस बोलले होते. हिला शिकागोची परीक्षा पास होऊ देऊ नकोस, मी गुडघ्यावर तुझ्याकडे येईन. आजवर त्या बाईकडे मी काय काय मागितलं. नवऱ्याचा दमा बरा कर म्हटलं, नाही केला. छप्पर टिकू दे म्हटलं, वादळात गेलं. आयुष्यात एकदाच वाईट मागितलं आणि ते ताबडतोब मिळालं. मग फेडायला नको? आपलं काम करून घेऊन शब्द मोडणारी मी नाही. म्हणून गेले. फरशी तशीच आहे, मधल्या दोन दगडांच्या कडा अजून टोचतात.

आणि आता ही बया म्हणते लोलाने शिकागो मागितलं. रियाधला नाही म्हणून बसली. माझे गुडघे सोलले आणि नात तुला मिळणार. तू नुसते पडदे लावून बसलीस आणि सगळं तुझ्याच ताटात.

काय करू ते सांग. सांगितलं नाहीस तरी मी मला हवं तेच करणार आहे.

कारनिंग

*

शिकागो, २५ फेब्रुवारी १९८८

ति. मनांगला सा. न. वि. वि.

तुझं पत्र वॉर्डात वाचलं आणि इतकी हसले की पेशंटने बेल वाजवली. मग घरी येऊन पुन्हा वाचलं, तेव्हा हसू आलं नाही.

मला तुझा राग यायला हवा होता. माझ्याकडे येणारी पोरगी नापास व्हावी म्हणून तू देवाला कामाला लावलंस. पण मनांग, खरं सांगू, मला मेर्लीचा हेवा वाटला. मी सदुसष्ट साली निघाले तेव्हा तू धक्क्यावरसुद्धा आली नाहीस. जवळा वाळत घातलाय, ऊन चांगलं आहे, असा निरोप पाठवलास. मी जाऊ नये म्हणून कुणी एक मेणबत्ती लावली नाही. उलट जो तो विचारायचा, तिथून काय पाठवशील. मी पाठवत राहिले. खोकी थांबली तर माझं नावच थांबेल, असं वाटायचं. तिला अडवायला तू म्हातारी गुडघ्यांवर गेलीस. मला अडवायला तू नुसतं जाऊ नको म्हणाली असतीस, तरी मी थांबले असते.

तो रडणाऱ्या बाईचा प्रश्न माझ्याही परीक्षेत होता. मीही चुकले होते. इथे नातेवाइकांना बोलवत नाहीत, कारण ते लांब राहतात आणि येत नाहीत. म्हणून नर्सने बसायचं.

तिला काही सांगू नकोस. सांगितलंस तर ती तुझ्यावर चिडेल आणि माझ्यावरही, दोघींच्या हातून जाईल. गैरसमजाने का होईना, येऊ दे तिला. मी फार मागत नाही.

तुझी, मागूनच मिळणारी
फेली

*

गिंबाल, १२ मार्च १९८८

चि. मेर्ली हिस.

आशीर्वाद शेवटी देईन, तोवर तुला हवे असतील तर.

हारोला मी तू पास व्हावीस म्हणून गेले नव्हते. तू नापास झालीस म्हणून आभार मानायला गेले होते. नवस मी ऑक्टोबरातच बोलले होते. तू फेलीकडे जाऊ नयेस एवढंच मला हवं होतं. तू रियाधला जा, बोर्निओला जा, चंद्रावर जा, माझं काही म्हणणं नव्हतं. पण तिच्या पिवळ्या पडद्याआड बसून तू तिला नुसतं लोला म्हणशील, आणि तिच्या वॉर्डातल्या बायका म्हणतील नात अगदी आजीवर गेलीय, हे मला सोसवेना.

फेली म्हणते सांगू नको. तिचं ऐकायची मला सवय नाही. आणि तू माझ्या गुडघ्यांकडे बघून परीक्षेला बसणार असशील तर ते मला नको. जायचंच असेल तर स्वतःच्या पायांनी जा. माझे गुडघे तुझ्या सामानात बांधू नकोस.

रागावायचं तितकं रागाव. जेवण मात्र सोडू नकोस. बरणी संपली असेल तर कळव.

आशीर्वाद आहेत. घे किंवा तिथेच ठेव.

लोला

*

इलोइलो, १० एप्रिल १९८८

ति. लोला कारनिंग आणि ति. लोला फेली, दोघींना मिळून एकच सा. न.

हे पत्र कार्बन लावून लिहितेय, दोन प्रती. गिंबालची आधी पोचेल, कारण गिंबाल जवळ आहे. त्यावरून भांडू नका.

लोला, तुझं पत्र आल्यावर महिनाभर मी गिंबालला फिरकले नाही. बेलेनचा व्हिसा अजून यायचाय, तिच्या खोलीत बसून रडले. ती बिचारी शेजारी बसली आणि मला काय वाटतंय ते विचारलं. लोला फेली, तुमच्या परीक्षेत ते उत्तर बरोबर का असतं, ते तेव्हा कळलं. कारण बोलवायला नातेवाईक तुम्ही दोघीच होतात, आणि रडू तुमच्यामुळेच होतं.

मला हारोच्या आईने नापास केलं नाही. मी माझी मीच नापास झाले, तेवढं तरी माझ्याकडे राहू द्या. एका आजीने मला ओढून धरायला देव लावला, दुसरीने मला न सांगताच मी यावं म्हणून तोंड मिटून बसायचं ठरवलं. पडदे कुठल्या रंगाचे हवेत, वाळू चालेल का, करार किती वर्षांचा, सगळं तुम्ही दोघींनी बोलून घेतलंत. मला कुठल्या वॉर्डात काम करायला आवडतं, हे दोघींपैकी एकीने तरी विचारलंय का? भाजलेल्यांच्या. मला भाजलेल्यांच्या वॉर्डात काम करायचंय.

एजन्सीवाल्याकडे पुन्हा गेले. तो आधी खूप हसला, मग म्हणाला, जागा अजून आहे. रियाधच्या त्या हॉस्पिटलात भाजलेल्यांचा मोठा वॉर्ड आहे. परवा सही केली. लोला, तू जिंकलीस असं समजू नकोस. तुझ्यासाठी जात नाही. तिथे काम आहे, पगार आहे, सोबतीला बेलेन आहे, आणि कुणाचीही आजी नाही.

दोन वर्षं. मग बघू. तोवर तुम्ही दोघी एकमेकींना लिहा, मला मध्ये घालू नका.

लोभ दोघींवर सारखाच आहे. मोजून बघितलाय.

मेर्ली

*

गिंबाल, २१ ऑगस्ट १९८८

चि. फेलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पडदे काढू नकोस, राहू देत. कोट तिथल्या एखाद्या पोरीला दे, नाहीतर कसर लागेल.

आता महत्त्वाचं. मेर्लीचं रियाधहून पत्र आलं. तुलाही आलं असेल. पण माझ्या पत्रात आहे ते तुझ्यात आहे का ते बघ. तिथल्या हॉस्टेलात स्वयंपाकाला एक म्हातारी आहे, पार उत्तरेकडच्या इलोकोसची, नाव इस्किंग. मुली ड्यूटीवरून आल्या की सूप करून ठेवते. कुणाला घरची आठवण आली की केसांतून हात फिरवते. मेर्लीचा हात चुलीवर पोळला तेव्हा तिने तिला मांडीवर घेतलं म्हणे. तेवीस वर्षांची घोडी, मांडीवर. सगळ्या मुली तिला काय म्हणतात ते ऐकून खाली बस. लोला इस्किंग म्हणतात. आपलीही म्हणते.

आणि पुढे लिहिते, की तिच्या हातचं आंबवलेल्या माशाचं वाटण घरच्या गिनामोसपेक्षा चवीला जरा बरं लागतं. फेली, इलोकोसच्या बाईचं वाटण! ते लोक मासा डोक्यासकट आंबवतात. मी ते वाक्य उर्सुलाला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजाराला कळलं असतं.

हे वेळीच थांबवायला हवं. मी कोरडं करून, डबा सील करून गिनामोस पाठवतेय. बेलेनची बहीण महिन्याअखेरीस जाते, तिच्याबरोबर. तू एक खोकं भर, शिकागोहून थेट रियाधला. त्यात चांगलं, मऊ काहीतरी घाल, पांघरूण वगैरे. चिठ्ठीवर दोघींचं नाव घाल, आधी माझं, मग तुझं. बरं, आधी तुझं घातलंस तरी या वेळी मी काही म्हणणार नाही. आणि तिला त्या वॉर्डाचं विचार. मी विचारलं होतं, चार पानं भरून उत्तर आलं. मला सगळं समजलं नाही, पण वाचलं.

इस्किंगचा पण करार असेल. तो कधी संपतो ते शोधून काढ. तुमच्या पिकनिकला इलोकोसचे लोक येतात ना, त्यांना विचार.

एवढ्याने भागलं नाही, तर नवस आहेच. पण या वेळी तो तू बोल. माझे गुडघे अजून वाकत नाहीत.

सदुसष्ट साली ऊन खरंच चांगलं होतं. पण जवळा उचलून मी येऊ शकले असते.

लोभ वाढला आहे. गरजेपुरता आहे असं समज.

तुझी मनांग
कारनिंग